फलकावरचं शेवटचं नाव

"वोल्टरशी मी बोलते," एवढंच फेम्मी समितीत म्हणाली. चिटणीस हार्मनं मान डोलावली. बहीण भावाला आनंदाची बातमी द्यायला निघालीय, असं त्या बापड्याला वाटलं.

फलक चर्चच्या भिंतीवर लागायचा होता. गावाचं नाव हेसेलव्हेन. 'व्हान हेसेलव्हेन', म्हणजे हेसेलव्हेनचे, असं आडनाव लावून जगात जो कुणी मोठा झाला त्याचं नाव त्यावर कोरायचं. एक जुना चित्रकार, एक जहाजाचा कप्तान, लायडनचा वनस्पतींचा प्राध्यापक. गंमत बघा, यातला एकही गावात राहिला नव्हता. गाव सोडून जाणाऱ्यालाच लोक गावाच्या नावानं ओळखतात, राहणाऱ्याला कोण विचारतं! गावात या आडनावाचं घर एकच, फेम्मीच्या बापाचं. आता फलकावरची शेवटची जागा वोल्टरला द्यायची होती. तरुणपणी बर्फावरच्या शर्यती मारून त्यानं आडनाव देशभर गाजवलं होतं.

म्हणे भाऊ! फेम्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लहानपणी तिला सांगितलेलं, की वोल्टर हा बाबांच्या लांबच्या चुलतभावाचा मुलगा, रॉटरडॅमवर बॉम्ब पडले तेव्हा पोरका झालेला. खरं काय ते तिला आईच्या मयतीनंतर शेजारच्या ग्रीटबाईकडून कळलं.

"कसला चुलतभाऊ न् कसलं काय," ग्रीटबाई कॉफीत बिस्किट बुडवत म्हणाली होती. "ज्यूंचं पोर ते. लढाईत लपवायला आणलेलं. पायात शहरी बूट, चिखलात धड चालता येईना. त्यात तुझी आई तुझ्या वेळी पोटुशी, हिवाळाभर अंथरुणाला खिळलेली. वसंतात तुला घेऊन चर्चला आली तेव्हा कुठे आम्हाला तिचं तोंड दिसलं. लढाई संपली, पण त्याला न्यायला कुणी आलंच नाही. येणार तरी कोण? सगळे छावणीत मेले."

फेम्मीनं हे कुणाला सांगितलं नाही. ते तिच्या पोटात आंबत राहिलं. बापानं शेत वोल्टरला दिलं. आईचं म्हातारपण काढलं फेम्मीनं, लग्न राहिलं ते त्यापायीच. आणि शेवटच्या दिवसांत आई नाव कुणाचं घ्यायची? "वोल्टर कुठाय? म्हणावं, फेम्मीला सांभाळ." चाळिशीच्या बाईला सांभाळणारा हा कोण लागून गेला?

आणि आता दगडावर कोरून ठेवणार, की हा हेसेलव्हेनचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शेतावरच्या घरी गेली. वोल्टरनं कॉफी ओतली. बिस्किटांचा डबा उघडून स्वतःला एक घेतलं, तिला दोन दिली, आणि झाकण लावलं. लहानपणापासून तो तसंच करायचा.

"हार्मचा फोन आला होता," तो हसत म्हणाला. "माझं नाव कोरतायत म्हणे. या वयात काय थेरं ही!"

"कोरू देऊ नकोस."

"का गं?"

"ते नाव तुझं नाही. मला ग्रीटबाईनं सगळं सांगितलंय, वोल्टर. केव्हाच."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कप त्यानं सावकाश बशीत ठेवला.

"सगळं म्हणजे?"

"तू ज्यूंचा आहेस, लपवायला आणलेला. आणखी काय असायचं?"

वोल्टरनं अडवून धरलेला श्वास सोडला.

"बरं," तो म्हणाला. "हार्मला सांगतो, माझं नाव नको."

झालं? इतकंच? फेम्मी रात्रभर शब्दांना धार लावत बसली होती, आणि हा बाबा भांडायलाच तयार नाही.

"तुला काहीच वाटत नाही?"

"एका दगडाचं काय घेऊन बसलीस. त्या जागी तुझं नाव घालायला सांगू का? आईचं एवढं केलंस तू."

"भीक नकोय मला! मी या घरात जन्मलेय. हेसेलव्हेनचं रक्त आहे माझ्या अंगात. तुझ्यासारखी उपरी नाही मी."

"हो गं," वोल्टर म्हणाला. "बिस्किट खा."

त्या शांतपणानंच ती पेटली. आयुष्यभर हा असाच वागत आला होता. हिनं चिडावं, त्यानं पडतं घ्यावं, आणि गावानं म्हणावं, काय देवमाणूस आहे वोल्टर!

"बाप माझा, आई माझी, घर माझं, आणि तू फुकटचा धनी," ती म्हणाली. "आणि ती तुझी आई! कसली बाई म्हणायची ती? पोटचं पोर परक्याच्या गळ्यात मारलं आणि हात झटकून मोकळी झाली. मांजरसुद्धा पिल्लाला असं टाकत नाही."

"फेम्मी!"

तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की ती दचकलीच. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो टेबलावर हात टेकून उभा राहिला होता.

"मला काय वाटेल ते बोल. तिला नाही बोलायचं."

"का नाही? खोटं आहे का? टाकलंच ना तिनं?"

"टाकलं नाही गं," वोल्टर म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "कालव्यावर नाव उभी होती. मला आत बसवलं. तोंडातून हुंदका निघू नये म्हणून ओठ चावत होती बिचारी. मग तिनं तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, बहिणीला कधी अंतर देऊ नकोस."