एबामावशीचं शिंग

"मावशी, ते शिंग दे इकडे," वेरमुंड दारातूनच म्हणाला. "आजपासून फुंकायचं नाही."

एबा जवाची पेज ढवळत होती. तिनं मान वर केली नाही.

"आधी आत ये. तू दारात उभा राहिलास की धूर कोंडतो."

वेरमुंड गावचा कारभारी. अंगानं आडवा, त्यात वर लोखंडी कड्यांचं चिलखत. काखेतली एक कडी तुटलेली होती, तिथं तांब्याची तार बांधली होती आणि ती त्याला सारखी टोचायची. तरी समुद्रापलीकडून लुटायला येणाऱ्या डेन लोकांची गलबतं पुन्हा नदीत शिरल्याची खबर आल्यापासून तो चिलखत झोपतानाही काढत नसे, असं त्याची बायको सांगे.

"डेन जवळ आलेत, आणि तू रोज तिन्हीसांजेला रानाकडे तोंड करून पों पों करतेस. त्यांना जेवायलाच बोलाव ना!"

"ओस्विनचं शिंग आहे ते," एबा म्हणाली.

ओस्विन तिचा एकुलता एक. राजानं डेनांपासून दलदलीत लपून फौज जमवायला घेतली, तेव्हा या गावातून दोघं गेले, ओस्विन आणि टिला. निघताना ओस्विननं शिंग आईला दिलं. "डेन आले तर फुंक. असेन तिथून धावत येईन." पोरगं बोलायला मोठं गोड. लढाई राजानं जिंकली, पण दोघांपैकी कुणी परतलं नाही. सुगीपासून म्हातारी रोज शिंग फुंकत होती.

रानातून आडवाटेनं येणाऱ्यानं शिंग फुंकावं नाहीतर हाळी द्यावी, असा कायदाच होता. मुकाट येईल तो चोर किंवा डेन. त्याला मारलं तर पाप नाही.

सुगीत असाच एक मुकाट डेन आला होता. कोण रे तू म्हणून विचारलं तर उत्तर नाही, आणि पावलं काही थांबेनात. गाव करी ते राव न करी. पहिला दगड वेरमुंडनं मारला, मग सगळ्यांनी. एबाचाही एक होता त्यात. तोंड ओळखण्यापलीकडे गेलं. चिलखत वेरमुंडनं घेतलं. चौरस्त्यावर पुरताना एबा मात्र घरची चादर घेऊन आली, आणि तिनं त्या मेलेल्याचे पाय धुतले.

"डेनाचे पाय धुतेस, मावशी?" लोक हसले.

"कुणाच्या तरी पोटचा असेलच की," ती म्हणाली. आपलं दुःख पोटात असताना परक्यावर माया करायला मोठं मन लागतं.

ते सगळं आठवून वेरमुंडला शिंग काढून घेणं जड गेलं. पण गाव सांभाळायचं होतं. त्यानं खुंटीवरचं शिंग उचललं.

तेवढ्यात रानाकडून हाळी आली. "हो ऽऽ! मी टिला! मारू नका रे!"

गाव धावलं. टिला काठी टेकत, लंगडत, थेट एबाच्या दारात आला. पाय मोडला म्हणून एका मठात पडून होता म्हणे. त्यानं एबाचे हात हातात घेतले, वेरमुंडकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"वा कारभारी! तुला दिलं होय ते चिलखत? राजानं स्वतःच्या हातानं त्याला चढवलं होतं. ती काखेतली तार मीच बांधली." तो एबाकडे वळला. "म्हणजे सुखरूप पोचला तर! मला घोर लागला होता, मावशी. गळ्यात भाला लागल्यापासून बिचाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कुठाय ओस्विन?"

वेरमुंडचा हात काखेतल्या तारेवर गेला आणि तिथंच राहिला.

एबानं त्याच्या दुसऱ्या हातातून शिंग काढून घेतलं. बाहेर दिवस मावळत होता.

"रोज याच वेळी तो रानातून निघतो," ती म्हणाली. "त्याला आवाज नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी फुंकायला हवं ना, नाहीतर आपण पुन्हा दगड उचलू."