बारा वर्षांची पारख

प्रसीता कळरीत उतरली, आखाड्याच्या मातीला हात लावून तो कपाळाला नेला आणि बापासमोर उभी राहिली. "एकच मर्म शिकवा, गुरुक्कल. दाबलं की समोरच्याचा हात लुळा पडेल असं." कळरीत ती त्यांना बाबा म्हणत नसे.

कुन्हंबू गुरुक्कल थकल्या आवाजात म्हणाले, "अगं, मर्म असं मागून मिळत नाही. बारा वर्षं माणूस पारखतो मी. एकदा जरी चिडलेला दिसला, तरी त्याला ती विद्या नाही. आयुष्यात एकालाच दिली." त्या एकालाच त्यांनी मुलगीही दिली होती.

"तरी शिकवा."

ती हटेना, तेव्हा नुसती जागा दाखवायला म्हणून त्यांनी तिच्या कोपराखाली अंगठा नेला. दाबायच्या आधीच ती कळवळली. त्यांनी बाही वर सारली, तर नेमका तिथेच अंगठ्याएवढा काळानिळा डाग होता. दंडावर दुसरा, खांद्याजवळ तिसरा. एकही जागा तसूभर चुकलेली नव्हती.

गुरुक्कल मातीतच खाली बसले. "बारा वर्षांत त्याच्या कपाळावर आठी पाहिली नाही मी," ते पुटपुटले. "एवढा कशाने चिडतो गं तो?"

प्रसीताने बाही खाली ओढली.

"चिडत नाही तो, बाबा. तुम्ही शिकवलंत तसाच, अगदी शांतपणे मारतो."