फाटकावरचा बिल्ला

अणुवीज केंद्र बंद होऊन नऊ वर्षं झाली. फाटकावर माझी चौकी आहे. तिथे किरणोत्सर्ग मोजणारा एक बिल्ला खिळ्याला टांगलेला असतो आणि दर महिन्याला तपासणीला जातो.

यंदा त्याचा आकडा चढू लागला. केंद्रातला वायरमन माझ्यावर खार खाऊन आहे. तोच गुपचूप बिल्ला आत नेतो, अशी माझी खात्री होती. म्हणून मी तो महिनाभर घरी, उशीखाली ठेवला.

आज तपासनिसाचा फोन आला. “दादा, आकडा तिप्पट झालाय. आत कोण गेलं होतं?”

“कोणीच नाही. बिल्ला माझ्या उशीखाली होता.”

तो हळूच म्हणाला, “घरात आणखी कोण झोपतं?”

बायको पलीकडे भांडी घासत होती. फोनवरचं तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

ती पाठमोरीच म्हणाली, “सांगू नका.”