गच्चीवरचा दाणा

हुकमचंदशेटनं उभ्या जन्मात मुंगीसुद्धा मारली नव्हती. भुजंगचा गुडघा त्यानं फोडला तो मंगळवारी सकाळी, पूजा आटोपून.

टेंभुर्णीत शेटचं बी-बियाण्याचं दुकान, वर घर, त्यावर गच्ची. अठरा वर्षं तो गच्चीवर पारव्यांना ज्वारी टाकत होता. पारवे न्याहारी शेटकडं करत आणि जेवायला मागं भुजंगच्या वावरात उतरत. भुजंगनं घरचंच बी पेरलं होतं. ते त्यांनी टिपून खाल्लं. त्यानं पुन्हा पेरलं, त्यांनी पुन्हा खाल्लं.

रविवारी भुजंग दुकानात आला.

"शेटजी, तुमचा धरम माझ्या वावरात चरून राह्यलाय. दाणा बंद करा."

"मुक्या जिवांचा घास बंद करू?"

"मंग मीच बंदोबस्त करतो."

हे चौघांनी ऐकलं.

शेटला दानात खंड चालत नसे. सोमवारी घरातली ज्वारी संपली, तेव्हा त्यानं दुकानात पडून असलेली, मुदत संपलेली बियाण्याची गोणी फोडली आणि ओंजळी भरभरून दाणा टाकला. माणसांच्या कामाची राहिली नव्हती, पाखरांच्या कामी आली. संध्याकाळी बायकोला, इचरजबाईला, त्याचे तळवे गुलाबी दिसले. दान मानवलं, ती म्हणाली.

मंगळवारी गच्चीवर एकेचाळीस पारवे मरून पडले होते. काही अजून पंख आपटत गोल फिरत होते. इचरजबाई रडत त्यांच्या चोचीत पाणी सोडत होती. शेटनं शटरचा गज उचलला.

भुजंग दारात बैलाला चारा टाकत होता. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसऱ्यानं गुडघा फुटला. म्या काही केलं न्हाई, तो म्हणाला. तिसऱ्याला दोन दात पडले. त्याची बायको साळूबाई आडवी आली, तर तिचं मनगट मोडल्याचा आवाज गल्लीभर ऐकू गेला. लोक सोडवायला धावले आणि पारव्यांची हकीकत ऐकून बाजूला उभे राहिले.

"विष कुणी घातलं?" शेट दर फटक्याला शांतपणे विचारत होता.

आठव्याला भुजंग म्हणाला, "म्याच घातलं. आता बस करा."

शेटनं लगेच गज खाली ठेवला. त्याला फक्त खरं काय ते हवं होतं.

भुजंगला जीपमध्ये आडवं घालून जाफराबादच्या दवाखान्यात नेलं. शेट घरी आला. इचरजबाई तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घालू लागली. कबूल झाला, त्यानं तिला सांगितलं.

रक्त पहिल्याच तांब्यात गेलं. खालचा गुलाबी रंग साबणानंही निघेना. बियाण्याला चोळलेल्या विषाचा रंग दोन-तीन दिवस हातावरून जात नाही.