धनसिंगची बोटं

पहाटे धनसिंग झोपेत पावरी वाजवत होता. फुंकून वाजवायचं ते वाद्य घरात नव्हतंच. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, आणि बोटं शेजारी निजलेल्या दिपमालाच्या दंडावर चालत होती. बाहेर डोंगर धुक्यात बुडाला होता, आणि त्या धुक्यातून खरी पावरी ऐकू येत होती. डोंगऱ्या देवाच्या उत्सवाचे दिवस होते.

खरी पावरी मधेच तुटायची. ती तुटली की धनसिंगची बोटं थांबत, ती सुरू झाली की चालू लागत. दिपमालाने ती बोटं मुठीत घट्ट धरून ठेवली.

येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागल्यापासून धनसिंगने पावरी सोडली होती. पण गेल्या वर्षी तिने ती बोटं धरली नव्हती. 'एकच दिवस' म्हणून तो डोंगरावर वाजवायला गेला. देवाच्या दिवसांत तिथे दारूच्या थेंबालाही कुणी शिवत नाही. पण ते दिवस सरले, माणसं आपापल्या घरी गेली, आणि हा मात्र, आता कोणत्या तोंडाने प्रार्थनेला जाऊ म्हणत, मोहाच्या दारूत शिरला तो थेट चैत्रात बाहेर आला. तेव्हापासून तो प्रार्थनेला जायचा, पण दाराशी, चपलांच्या ढिगात बसायचा. तिथे बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रभुभोजनाची भाकर जवळ आली की तो मान हलवायचा.

उजाडलं तसा धाकटा भाऊ वना आला. त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली बापाची पावरी होती. त्याने ती खाटेवर ठेवली.

"दादा, नवा पावरकर माणूस भला शे, पन त्याले दम पुरत नही. सूर तुटस, मंग नाचनारा बी तठेच थांबतस. बठ्ठा तुन्हीच वाट देखी ऱ्हायनात. एकच दिवस चाल."

"आज आइतवार शे, वना."

वनाने फडकं सोडलं. दुध्या भोपळ्याची ती पावरी, वर जुनं मेण, आणि त्या मेणाला अजून बापाच्या तळहाताचा वास. धनसिंगने ती उचलली. चुलीपाशी दिपमालाचा हात पिठातच राहिला. तो ती घेऊन दाराबाहेर पडला तर गेल्या वर्षीसारखंच होणार, हे तिला कळत होतं.

धनसिंगने सदऱ्याच्या टोकाने पावरी पुसली आणि भावाच्या हातात परत दिली.

"त्याले सांग, फुकतांना नाकवाटे दम ले. गाल रिकामा होऊ देऊ नको. मंग तुटाव नही."

वनाने पावरी पुन्हा फडक्यात बांधली. मग हळूच म्हणाला, "तुन्ही बोटं आत्ते बी वाजाडी ऱ्हायनात, दादा. ती आमनीच शेतस."

धनसिंगने खाली पाहिलं. बोटं मांडीवर चालत होती. त्याने दोन्ही हात काखेत दाबले. वना चहा न घेताच गेला, आणि ते धनसिंगला फार लागलं.

प्रार्थनेचं घर म्हणजे पत्र्याखालची एक खोली. आठवडाभर गवंडीकाम करणारे अभिमन पास्टर रविवारी तिथे सिमेंटने फुटलेल्या हातांनी भाकर मोडत. नागलीची भाकर, घरोघरून पाळीने यायची. धनसिंग आजही चपलांत बसला. दारातून धुकं आत येत होतं आणि धुक्याबरोबर डोंगरावरची पावरीही. पास्टरांचं बोलणं त्याला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत होतं. आपण इथे बसलो आहोत की तिथे, हे काही क्षण त्याला कळेना, आणि त्याला भीती वाटली.

थाळी दाराशी आली. या वेळी त्याने मान हलवली नाही. हात पुढे केला, पण बोटं एका जागी राहीनात.

"पास्टर, मन्ही बोटं मन्हं ऐकत नहीत."

"मंग तोंड उघाड," अभिमन म्हणाले.

चाळिशीच्या त्या दाढीवाल्या माणसाने लेकरासारखं तोंड उघडलं. पास्टरांनी तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला, अंगठ्याने ओठावरचा कण आत सारला आणि थाळी घेऊन पुढे गेले. बायकांनी शेवटचं गाणं उचललं. धनसिंग गायला नाही. तुकडा गालात धरून तो बराच वेळ बसून राहिला, आणि दिपमालाने पदर डोळ्यांना लावला.

दुपारी जेवून तो अंगणातल्या खाटेवर कलंडला. ती कडेला बसून तूर निवडत होती. धुकं विरलं होतं, ऊन कोवळंच होतं. डोंगरावरून पावरी येत होती आणि आता ती तुटत नव्हती. वनाने निरोप नीट पोचवला होता. सूर एकसंध, लांबलचक, अंगणभर उतरत होता. इतका गोड की क्षणभर दिपमालाचे हातही सुपात थांबले.

झोपेत धनसिंगचे गाल फुगले. हात सरपटत आला आणि बोटं तिच्या दंडावर पडली.

तिने ती धरायला दुसरा हात उचलला, आणि तो तसाच राहिला. डोंगरावरचा सूर वर चढला तेव्हा बोटं खाली आली. एक चाल संपून सूर थांबला तेव्हाही ती चालतच राहिली. तिने अंदाजाने सकाळचं प्रार्थनेतलं शेवटचं गाणं ओठांतल्या ओठांत धरलं. कडवं संपेपर्यंत एकही बोट चुकलं नाही.

त्याच्या बोटांखालच्या तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तिने तो हलवला नाही. दुसरं कडवं धरलं.