कबूल केलेला वारा

ऑर्गनच्या मागे फळ्यांची अरुंद खोली होती. तिथे भात्याचा दांडा होता आणि दांड्यापाशी नवरीची आई उभी होती. नव्या कपड्यांच्या बाह्या तिने कोपरापर्यंत सारल्या होत्या.

दांडा खाली गेला की भाता फुगे, वारा नळ्यांत चढे आणि पलीकडे चर्चमध्ये सूर उमटे. वाजवणारे मास्तर पुढे बसत, ते सगळ्यांना दिसत. ती कोणाला दिसत नसे आणि तिलाही कोणी दिसत नसे. एका फळीतली गाठ निखळून भोक पडलं होतं. त्यातून छताचा तुकडा आणि उन्हात तरंगणारी धूळ, एवढंच काय ते दिसे.

सकाळी लेक हटून बसली होती. आज तरी आईने पुढच्या बाकावर बसावं, गाणी ऑर्गनशिवाय म्हणता येतील. पाळकांचंही तेच म्हणणं होतं. दुसऱ्या कोणी दांडा धरावा, तर काल लेकीच्या चुलतभावाने धरून पाहिला होता. ऑर्गन बकरीसारखा बें बें करायला लागला आणि पाळकसुद्धा तोंड फिरवून हसले.

लेकीच्या डोक्यावरची पांढरी जाळी नीट करत आई म्हणाली, “मला चर्चच्या मंडळीत घेतलं तेव्हा जो तो काही ना काही द्यायचं कबूल करत होता. माझ्यापाशी द्यायला काही नव्हतं. मी वारा कबूल केला.”

“तो मंडळीला. मी तुझी मुलगी आहे.”

“मग तू काय मंडळीबाहेरची आहेस?”



मास्तरांनी फळीवर टाच आपटली. ही खूण. आईने दांडा दाबला. पलीकडे बाकं करकरली, म्हणजे सगळे उभे राहिले. आता बापाच्या हाताला धरून पोर निघाली असेल. झगा बापानेच शिवला होता. तो शिंपी. घरभर कापडाचे तुकडे पडलेले तिने पाहिले होते, पण तो झगा अंगावर घालून चालणारी मुलगी तिला पाहायला मिळणार नव्हती.

दांडा वर, दांडा खाली. हळूहळू डोळे जडावले. तिला वाटलं, आपल्या हातातून सुटलेला वारा नळ्यांतून चढतोय, सूर होऊन छताला लागतोय आणि तिथून पिसासारखा खाली उतरतोय. कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या केसांत. मधल्या वाटेवर तो पोरीपाशी पोचला आणि त्याने जाळीचं टोक किंचित उचललं. भोकातली धूळ सोन्यासारखी वर गेली. आईने दांडा आणखी हलक्या हाताने दाबला, जाळी उडू नये म्हणून.

मग सूर थांबला. पाळकांचा आवाज आला, जावयाचा जाडाभरडा आवाज आला. लेकीचं “हो” इतकं बारीक होतं, की फळीतून अर्धंच आत आलं. तेवढंच तिने ऐकलं आणि कपाळ दांड्यावर टेकलं.

आता टाच आपटेल, शेवटचं गीत सुरू होईल, जोडपं हातात हात घालून दाराकडे निघेल. ती वाट पाहत राहिली. टाच काही आपटेना. पलीकडे कोणीतरी खाकरलं. कुजबूज झाली.

खोलीचं बुटकं दार उघडलं. लेक वाकून आत आली. जाळी खिळ्याला अडकली, ती तिने ओढून सोडवली. झग्याला सगळी धूळ लागली.

आई नुसती बघत राहिली. खांद्यापासून पायापर्यंत, पुन्हा पायापासून खांद्यापर्यंत.

“थोडी सरक,” लेक म्हणाली आणि तिने दांड्याला हात घातला. “बघ मला हवं तेवढं. फक्त हात थांबवू नकोस.”

टाच आपटली. दोघींनी मिळून दांडा दाबला.

ऑर्गन असा भरून पूर्वी कधी वाजला नव्हता. मंडळी उभी राहिली, सगळ्यांच्या माना मधल्या वाटेकडे वळल्या. वाटेवरून कोणीच चालत नव्हतं. वेदीपाशी नवरा मुलगा एकटाच उभा होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

पुढच्या बाकावर शिंपी बसलेलाच होता. इतकी वर्षं लोक त्याला विचारत, बाई आल्या नाहीत का? तो म्हणे, आल्यात की, ऐका, धापा टाकतायत. त्याने शेजारची रिकामी जागा हाताने झटकली आणि जावयाला खूण केली.

“या, बसा,” तो म्हणाला. “सवय होते हळूहळू.”