रुमालाखालचा हात

म्हैस मनासारख्या भावाने गेली तर हैदरच्या बायकोला, मुमताजला, शिलाई मशीन मिळणार होतं. घोडेगावच्या बाजारात गिऱ्हाईक छगनरावांनी रुमालाखाली हैदरचा हात धरला. तिथे भाव बोटं दाबून सांगतात. विकणाऱ्याने हात आवळला की सौदा पक्का, माघार नाही. छगनराव घासाघीस लांबवत होते, म्हणून हैदरने दुसऱ्या हाताने मोबाईलवर लाडक्या सुपरहिरोचं नवं कॉमिक उघडलं. शेवटच्या पानावर हिरो मेला होता! धसक्याने हैदरने हात करकचून आवळला. छगनरावांची बोटं तेव्हा निम्मा भाव सांगत होती. “झालं हैदरभाई, म्हस माझी!” “आवो न्हाई, माझा हिरो मेला!” “मंग त्याच्या दहाव्याला खिरीचं दूध आमच्याकडनं न्या.” बाजार हसला. पुढच्या महिन्यात हिरो जिवंत होऊन उडायला लागला. मुमताज अजून हातानेच शिवते. त्या दिवशी हात सोडवायच्या ओढाताणीत फाटलेला हैदरचा रुमालही तिनेच शिवला.